रत्नागिरीच्या शाखेत बॅटरी कशी पोहोचते?

बँकेत जाणाऱ्याला काउंटर दिसतो, त्यामागचं कोठार दिसत नाही. पासबुक छापायच्या प्रिंटरची रिबन, एटीएमच्या पावतीचा कागदी रोल, नोटा मोजायचं यंत्र, सीसीटीव्ही, जनरेटर, साफसफाईचं कंत्राट, रखवालदार या सगळ्याची कुणीतरी मागणी केलेली असते, कुणीतरी दर दिलेला असतो आणि कुणीतरी माल तपासून बिल मंजूर केलेलं असतं. पूर्वी हे काम तीन कोटेशनं, लाखेचे लखोटे आणि फाइलींवर चालायचं. आता त्यातलं बहुतेक संगणकावर चालतं. त्याला ई-प्रोक्युअरमेंट म्हणतात, सरकारी मराठीत ई-खरेदी किंवा ई-निविदा.

ही यंत्रणा नेमकी कशी चालते, हे एकाच वस्तूचा माग काढत पाहू. वस्तू साधी आहे, पण कोकणात तिच्यावाचून शाखेचं पान हलत नाही: यूपीएसची बॅटरी. मृगाचा पाऊस सुरू झाला की मंडणगडपासून राजापूरपर्यंत कुठे ना कुठे झाड तारेवर पडतं आणि लाइट जाते. अशा वेळी शाखेची सिस्टीम चालू ठेवतात त्या टेबलाखालच्या किंवा जिन्याखालच्या बॅटऱ्या.

बँक कोणती, नियम कोणाचे?

रत्नागिरी जिल्ह्याची अग्रणी बँक आहे बँक ऑफ इंडिया. तिचं विभागीय कार्यालय रत्नागिरीत आहे आणि मुख्य कार्यालय मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात. कुठल्याही राष्ट्रीयीकृत बँकेत खरेदीची उतरंड साधारण अशीच असते. शाखा मागणी करते, विभागीय कार्यालय स्थानिक आणि मध्यम खरेदी करतं, आणि कोअर बँकिंगची सॉफ्टवेअर, सर्व्हर, चेकबुकांची छपाई अशा गोष्टी मुख्य कार्यालयाकडे राहतात. कोणत्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याने किती रुपयांपर्यंत मंजुरी द्यायची, याचा तक्ता ठरलेला असतो.

सरकारी बँक म्हणजे काही केंद्र सरकारचं खातं नव्हे, पण तिचं खरेदी धोरण केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांशी आणि केंद्रीय दक्षता आयोगाच्या सूचनांशी जुळवून घेतलेलं असतं. 2017च्या वित्तीय नियमांतला 149वा नियम सांगतो की जी वस्तू किंवा सेवा 'जेम'वर मिळते ती तिथूनच घ्यायची. जेम म्हणजे गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस. 9 ऑगस्ट 2016 रोजी हे पोर्टल सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय ही इंग्रजी अमदानीपासून चालत आलेली खरेदी यंत्रणा गुंडाळण्यात आली. 2023-24 या वर्षात जेमवरच्या खरेदीने 4 लाख कोटी रुपयांचा टप्पा ओलांडला. सरकारी बँका या पोर्टलवरच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी आहेत.

जेमवर न बसणारी कामं, म्हणजे शाखेचं अंतर्गत फर्निचर किंवा इमारतीची दुरुस्ती, ई-निविदा पोर्टलवर जातात. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, त्यासाठी जी प्रणाली बनवली तिच्यावरच केंद्राचं पोर्टल चालतं आणि महाराष्ट्राचं महाटेंडर्सही. त्यामुळे रत्नागिरी जिल्हा परिषदेचं टेंडर भरणाऱ्या ठेकेदाराला या प्रकारचे पडदे ओळखीचे असतात.

सहकारी बँकांची गोष्ट थोडी वेगळी. जिल्हा मध्यवर्ती बँक किंवा नागरी सहकारी बँक ही महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960खाली येते. तिथे खरेदीचं धोरण संचालक मंडळ ठरवतं आणि वैधानिक लेखापरीक्षक ते तपासतो. पण 1 जून 2022 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सहकारी संस्थांनाही जेमवर खरेदीदार म्हणून प्रवेश दिला. पहिल्या टप्प्यात 100 कोटींहून जास्त उलाढाल किंवा ठेवी असलेल्या संस्था घेतल्या गेल्या. म्हणजे पुढचा सगळा खटाटोप सहकारी बँकेलाही आज खुला आहे, सक्तीचा मात्र नाही.

पहिली पायरी: मागणीपत्र

उदाहरणासाठी हिशेब मांडू. समजा, एका विभागातल्या 12 शाखांच्या बॅटऱ्या बदलायच्या आहेत. प्रत्येक शाखेत 12 व्होल्टच्या 16 बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या, म्हणजे एकूण 192 व्होल्ट. एकूण नग 192. अंदाजे दर नगाला 5,500 रुपये धरला तर खरेदी 10 लाख 56 हजारांची.

शाखा सिस्टीममध्ये इंडेंट टाकते. त्यात नग, जुनी बॅटरी कधी बसवली, आता किती वेळ टिकते, बजेटचं कोणतं शीर्षक लागेल, हे भरायचं. वरचा अधिकारी तिथेच मंजुरी देतो, आणि कोणी किती दिवस फाइल अडवून ठेवली हे तारखेनिशी दिसतं. बाराही शाखांची इंडेंट विभागीय कार्यालयात एकत्र होतात.

आता मालाचं वर्णन, म्हणजे स्पेसिफिकेशन. सगळ्या खरेदीचं भवितव्य इथे ठरतं, म्हणून इथे जरा थांबू.

समजा, कोणी फक्त 'बॅटरी, 12 व्होल्ट, 42 एएच, मेंटेनन्स फ्री' एवढंच लिहिलं. वाचायला पुरेसं वाटतं. पण एएच म्हणजे अँपिअर-अवर हा आकडा बॅटरी किती तासांत रिकामी केली यावर अवलंबून असतो. वीस तासांच्या दराने 42 एएच असलेली बॅटरी 2.1 अँपिअर प्रवाह वीस तास देते. तीच बॅटरी तीन तासांत रिकामी करायला गेलात तर ती तेवढे एएच देत नाही. शाखेचा भार 2,000 वॉट धरा. यूपीएसमधली घट धरून बॅटरीवर साधारण साडेअकरा अँपिअरचा भार येतो. कागदावर हिशेब साडेतीन तासांच्या पुढे जातो, प्रत्यक्षात बॅटरी तीन तासही धड टिकत नाही. 42 एएच दहा तासांच्या दराने की वीस, हे लिहिलं नसेल तर वीसवाली बॅटरी देणारा विक्रेता नियमात बसतो, त्याचा दर कमी असतो आणि ऑर्डर त्यालाच मिळते. त्याने फसवलेलं नसतं, आपण विचारलेलंच नसतं.

म्हणून अनुभवी अधिकारी वर्णनात चार गोष्टी घालतात: एएच कोणत्या दराने, ठरावीक भारावर किमान किती मिनिटांचा बॅकअप, उत्पादनाची तारीख पुरवठ्याआधी किती महिन्यांच्या आत, आणि वॉरंटी बसवल्याच्या दिवसापासून. पाचवी गोष्ट कोकणासाठी. 25 अंशांपेक्षा तापमान दर 10 अंशांनी वाढलं की लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. एसी नसलेल्या, दमट खोलीत बॅटऱ्या ठेवायच्या असतील तर ते निविदेत सांगितलेलं बरं. मात्र वर्णन एकाच कंपनीला बसेल असं बेतता येत नाही. तसं केलं की दक्षता विभागाचं पत्र येतं.

दुसरी पायरी: खरेदीचा मार्ग

जेमवर रकमेनुसार तीन वाटा आहेत. काही वर्षं मर्यादा 25 हजार आणि 5 लाख होत्या, त्या नंतर वाढवून 50 हजार आणि 10 लाख झाल्या. 50 हजारांपर्यंत पोर्टलवरच्या कोणत्याही योग्य विक्रेत्याकडून थेट खरेदी करता येते. त्यापुढे 10 लाखांपर्यंत किमान तीन वेगवेगळ्या उत्पादकांच्या मालाची तुलना करून सर्वांत कमी दराचा घ्यायचा. 10 लाखांपुढे बोली मागवणं किंवा उलटा लिलाव करणं सक्तीचं.

आपली खरेदी 10 लाख 56 हजारांची, म्हणजे बोली सक्तीची. इथे एक मोह होतो. शाखानिहाय ऑर्डर काढली तर प्रत्येकी 16 नग, 88 हजार रुपये. तुलना केली की दोन दिवसांत काम फत्ते. पण मंजुरीची किंवा निविदेची कटकट टाळण्यासाठी मागणीचे तुकडे पाडू नयेत असं नियम स्पष्ट सांगतो. फाइलींच्या काळात असे तुकडे बारा कपाटांत विखुरलेले असत. पोर्टलवर मात्र एकाच वस्तूच्या एकाच महिन्यातल्या बारा ऑर्डरी लेखापरीक्षकाला एका यादीत दिसतात.

तिसरी पायरी: बोली

बोली पोर्टलवर जाहीर होते. विक्रेत्याला पॅन, जीएसटी, बँक खातं आणि लहान उद्योग असेल तर उद्यम नोंदणी लागते. रकमेप्रमाणे बयाणा मागितला जातो, साधारणपणे अंदाजित किमतीच्या 2 ते 5 टक्के. आपल्या उदाहरणात 2 टक्के म्हणजे 21,120 रुपये.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांना बयाणा माफ असतो. 2012च्या सार्वजनिक खरेदी धोरणाने त्यांना आणखी एक सवलत दिली आहे. समजा, सर्वांत कमी दर एका मोठ्या कंपनीचा, 5,000 रुपये. एका लघु उद्योगाने 5,700 दिला. 5,000वर 15 टक्के म्हणजे 5,750. हा दर त्या पट्ट्यात बसतो, म्हणून त्या उद्योगाला विचारलं जातं: 5,000ला देणार का? तो हो म्हणाला तर एकूण मागणीच्या 25 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 48 बॅटऱ्या, तीन शाखांचा माल, त्याला मिळू शकतो.

रत्नागिरीतल्या दुकानदारांची इथे बऱ्याचदा निराशा होते. ही सवलत माल बनवणाऱ्यासाठी आणि सेवा देणाऱ्यासाठी आहे. कंपनीची बॅटरी आणून विकणारा व्यापारी उद्यम नोंदणी असूनही तिच्यात बसत नाही. त्याने बयाणा भरून, कंपनीचं अधिकृत विक्रेत्याचं पत्र लावून उतरायचं. मात्र एसी दुरुस्ती, यूपीएसची देखभाल, साफसफाई, गाडी भाड्याने देणं अशा सेवांमध्ये स्थानिक माणसाला ही सवलत लागू होते, आणि अंतर त्याच्या बाजूने असतं. मुंबईच्या ठेकेदाराला मंडणगडला माणूस पाठवायला जो खर्च येतो, तो दापोलीच्या माणसाला येत नाही.

एनआयसीच्या ई-निविदा प्रणालीवर बोली भरायची तर तिसऱ्या वर्गाचं डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र लागतं, यूएसबी टोकनमध्ये साठवलेलं. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000मुळे या स्वाक्षरीला कायद्याची मान्यता आहे. विक्रेता दर भरतो तेव्हा तो सांकेतिक रूपात बंद होतो. उघडण्याची ताकद बँकेने आधी नेमलेल्या उघडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या टोकनमध्ये असते, आणि त्यातले किमान दोघे हजर लागतात. लॉकर जसा ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही, तसंच हे. मुदत संपायच्या आधी ना बँकेला दर दिसतो ना प्रतिस्पर्ध्याला. मुदत मोजायची ती सर्व्हरच्या घड्याळाने. आपल्या संगणकात तीन वाजायला दोन मिनिटं कमी असली आणि सर्व्हरवर तीन वाजले असले तर बोली गेली नाही म्हणून समजा. पावसाळ्यात नेटवर्कचा भरवसा नसताना शेवटच्या तासावर बोली ठेवू नये, हे सांगायला तज्ज्ञ नको.

चौथी पायरी: छाननी आणि दर

बोली दोन पाकिटांत असते. आधी तांत्रिक पाकीट उघडतं. कागदपत्रं, अनुभव, मालाचं वर्णन जुळतं का, हे समिती पाहते. ज्याला बाद केलं त्याचं कारण पोर्टलवर लिहावं लागतं आणि त्याला हरकत घ्यायला मुदत मिळते. मग पात्र ठरलेल्यांचंच दराचं पाकीट उघडतं आणि सर्वांत कमी दराचा वर येतो. या धंद्यात सगळे त्याला 'एल-वन' म्हणतात.

उलटा लिलाव ठरला असेल तर पात्र विक्रेते ठरल्या वेळी पोर्टलवर येतात आणि दर खाली आणत जातात. कमी दर दिसतो, तो कोणाचा हे दिसत नाही. शेवटच्या मिनिटांत कोणी दर उतरवला तर वेळ आपोआप वाढते. बॅटरी, कागद, संगणक अशा ठरीव मालाला हा प्रकार चालतो. रखवालदार किंवा साफसफाईच्या कामाला तो घातक ठरतो, कारण तिथे दरातला बहुतेक भाग माणसांच्या पगाराचा असतो आणि किमान वेतनाखाली जाता येत नाही.

पुढे बसून 'अजून थोडं कमी करा' अशी घासाघीस चालत नाही. एल-वनखेरीज कोणाशीही वाटाघाटी करू नयेत, आणि एल-वनशीही अपवाद म्हणून, कारण नोंदवूनच, अशी दक्षता आयोगाची 2007पासूनची सूचना आहे. दरांची तुलना करताना जीएसटी धरूनच करायची. बँकेला खरेदीवरच्या जीएसटीचं पूर्ण क्रेडिट मिळतं असं नाही. बहुतेक बँका 50 टक्के क्रेडिटचा पर्याय घेतात, म्हणजे उरलेला निम्मा कर खर्चातच जातो.

पाचवी पायरी: माल ताब्यात घेणं

ऑर्डर पोर्टलवरच निघते. त्यात बारा शाखांचे बारा पत्ते, प्रत्येक ठिकाणचा ताबा घेणारा अधिकारी, मुदत आणि उशिराचा दंड असतो. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची अट बोलीतच घालता येते. ऑगस्ट 2022च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार त्या भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकता येत नाहीत, उत्पादकाकडे किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जायला हव्यात.

माल आंबा किंवा कुंभार्ली घाटाने येवो, मुंबई-गोवा महामार्गाने येवो, जुलैत तो कधी पोहोचेल हे सांगणं अवघड. म्हणून वेळापत्रक उलटं मोजायचं. मे अखेर बॅटऱ्या बसलेल्या हव्या असतील तर मागणी फेब्रुवारीत गेली पाहिजे.

जेमवर दोन पावत्या असतात. खोकी पोहोचली की तात्पुरती पावती द्यायची: इतके नग आले. मग तपासून स्वीकृती प्रमाणपत्र द्यायचं. त्यासाठी साधारण दहा दिवस मिळतात, आणि पैसे त्यानंतर निघतात. या दहा दिवसांत काय करायचं? खोकं उघडून कंपनी, एएच आणि उत्पादनाची तारीख ऑर्डरशी ताडायची. मल्टिमीटर लावायचा, ताज्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीवर 12.7 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. बसवून, पुरती चार्ज झाल्यावर कामाचे तास संपले की मेन स्विच बंद करून घड्याळ लावायचं. निविदेत लिहिलेली मिनिटं भरली तर सही, नाही तर कारण लिहून नकार.

प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी खोकी जिन्याखाली तशीच राहतात आणि स्वीकृतीवर सही होते. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर कायदाही इथे त्याच्या बाजूने उभा राहतो. 2006च्या एमएसएमई विकास अधिनियमाप्रमाणे माल पोहोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोहोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असं धरलं जातं.

सहावी पायरी: पैसे

ऑर्डर, स्वीकृती आणि बिल या तिन्हींचा मेळ बसला की पैसे निघतात. मागणी करणारा, माल घेणारा आणि पैसे देणारा यांची लॉगिन वेगळी ठेवलेली असतात. लहान शाखेत माणसं कमी, म्हणून एकाने दुसऱ्याचा पासवर्ड वापरायचा, ही सवय लागली की सगळी साखळी कागदोपत्री राहते.

सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. थकलेल्या बिलासाठी 2017 सालापासून 'समाधान' हे पोर्टल आहे. थांबायची तयारी नसेल तर ट्रेड्स या बिलं वटवायच्या ऑनलाइन मंचावर स्वीकारलेलं बिल लिलावाला लावता येतं. तिथे दुसऱ्या बँका ते बिल वटवायला दर देतात आणि विक्रेत्याला पैसे लवकर मिळतात.

आणीबाणीत काय?

22 जुलै 2021ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तळमजल्यावरचं काही उरलं नाही. अशा वेळी बोली मागवून वाट पाहायची का? नाही. तातडीची गरज असेल तर एकाच पुरवठादाराकडून खरेदी करायची मुभा नियमांत आहे, कारण लेखी नोंदवून आणि सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीने. मात्र दरवर्षी येणारा पाऊस ही आणीबाणी होत नाही. जूनमध्ये 'तातडीची बाब' म्हणून आलेलं बॅटरीचं इंडेंट हा नियोजनाचा दोष आहे, आणि लेखापरीक्षकही ते तसंच वाचतो.

मग या सगळ्याचा फायदा काय?

दर उघड झाले, मर्जीतल्या तीन कोटेशनांचा खेळ अवघड झाला, आणि रत्नागिरीच्या दुकानदाराला मुंबईच्या कार्यालयाचे खेटे न घालता बोली लावता येऊ लागली. हे फायदे खरे आहेत. पण पोर्टल सर्वांत कमी दर शोधतं तो आपण लिहिलेल्या वर्णनाला. वर्णन अर्धवट असेल तर ते अर्धवट माल इमानेइतबारे, सर्वांत स्वस्तात मिळवून देतं. बाकीच्या चार पायऱ्या संगणक सांभाळतो. पहिली आणि पाचवी पायरी अजूनही शाखेतल्या माणसाच्याच हातात आहे.

तेव्हा शाखाधिकाऱ्यांनी दोनच गोष्टी कराव्यात. फेब्रुवारीत इंडेंट टाकताना यूपीएसच्या मेकॅनिकला शेजारी बसवून वर्णन पुरं करावं, आणि मेन स्विच बंद करून बॅकअप मोजल्याशिवाय स्वीकृतीवर सही करू नये.